मनाजोगे काम आणि अर्जाचा कागद

२०२३ साली महाराष्ट्रात तलाठ्यांच्या साडेचार हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी जाहिरात निघाली आणि दहा लाखांहून अधिक तरुण-तरुणींनी अर्ज केले. एका जागेमागे दोनशेहून अधिक उमेदवार, असे हे प्रमाण. परीक्षेचे शुल्क खुल्या प्रवर्गासाठी एक हजार रुपये होते, राखीव प्रवर्गांसाठी नऊशे. साधा गुणाकार केला तरी बेकारांच्या खिशातून गोळा झालेली रक्कम नव्वद कोटींच्या घरात जाते. रोजगार हमीच्या कामावरचा त्या वर्षीचा मजुरीचा दर दिवसाला २७३ रुपये होता. म्हणजे शेतमजुराच्या घरातील पदवीधर मुलाने केवळ रांगेत उभे राहण्यासाठी आईच्या जवळजवळ चार दिवसांच्या मजुरीइतके पैसे भरले. ही रक्कम त्याने नोकरीसाठी दिली असेही म्हणता येत नाही, कारण नोकरी शेकडा निव्वद-नव्याण्णवांना मिळणारच नव्हती.

या दहा लाखांपैकी तलाठ्याचे काम मनापासून करावेसे वाटणारे किती होते? हा प्रश्न विचारला की चळवळीतील पुष्कळांना तो चैनीचा वाटतो. पोटाला काम मिळण्याची पंचाईत असताना मनाजोग्या कामाची भाषा मध्यमवर्गीयांनी करावी, असा एक सूर नेहमी ऐकू येतो. दुसरीकडे ‘मार्गदर्शन’ नावाचा एक भरभराटीला आलेला धंदा तरुणांना सांगत असतो की आपली आवड ओळखा, आत्मविश्वास बाळगा, अर्ज नीट लिहा, यश तुमचेच आहे. हे दोन्ही पक्ष परस्परविरोधी दिसतात, परंतु तरुणाला एकाकी सोडून देण्याच्या बाबतीत त्यांचे एकमत आहे. एक त्याच्या हाती घोषणा देतो, दुसरा पुस्तिका विकतो.

आधी रांगेचा विचार करू. सरकारी नोकरीचे आकर्षण हे आळसाचे किंवा खुर्चीच्या हव्यासाचे लक्षण आहे, ही टीका वर्षानुवर्षे होत आली आहे आणि ती वरवरची आहे. त्या नोकरीत ठरलेल्या दिवशी ठरलेला पगार मिळतो, मालकाच्या लहरीवर घरी बसावे लागत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावाच्या चावडीत उभे राहून बोलावे लागले त्यांच्या मुलाला तेथे बसण्याचा अधिकार मिळतो. त्याच पदवीधराला तालुक्याच्या गावी दुकानात, गोदामात किंवा खाजगी शाळेत काय मिळते? नेमणुकीचा कागदसुद्धा अनेकदा मिळत नाही. या दोन कामांतील अंतर जितके मोठे तितकी रांग लांब. शिवाय लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षे असल्यामुळे रांगेत थांबणे पंधरा-पंधरा वर्षे शक्य होते. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांतून तिशी ओलांडलेले जे चेहरे दिसतात ते मूर्खांचे नव्हेत; उपलब्ध पर्यायांचा त्यांनी केलेला हिशेब, त्यांच्या जागेवरून पाहिले तर, बरोबरच आहे. चुकले आहे ते पर्यायांचे माप.

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण उलटी झाली असे म्हटले जाते. म्हण कोणाच्या शेतीविषयी होती हे मात्र कोणी विचारीत नाही. दुसऱ्याच्या बांधावर राबणाऱ्याला शेती कधीच उत्तम नव्हती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुल्यांनी तक्रार केली होती की, सरकारी शाळांतील शिक्षण व्यवहारोपयोगी नसून कारकून आणि शाळामास्तर तयार करण्यापुरतेच आहे. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याची योजना मांडली. दोन्ही इशारे आपण जयंतीच्या दिवशी आठवतो आणि अभ्यासक्रम होता तसाच राहतो.

मनाजोगे काम हा समाजवादी विचाराच्या कडेचा विषय नाही, गाभ्याचा आहे. मार्क्सच्या १८४४ च्या हस्तलिखितांतील परात्मतेचे विवेचन वेतनाच्या आकड्याभोवती फिरत नाही. कामगाराचा त्याच्या निर्मितीशी, त्याच्या श्रमाशी आणि सोबत्यांशी संबंध तुटतो, हे त्यातील दुखणे आहे. शूमाखर यांनी १९७३ सालच्या ‘स्मॉल इज ब्यूटिफुल’ या ग्रंथात काम म्हणजे केवळ उत्पादनाचा खर्च, या अर्थशास्त्रीय समजुतीवरच बोट ठेवले. तेव्हा एखादे काम समाधान देणारे आहे की नाही हे पाहण्यासाठी आवडीनिवडीच्या प्रश्नावल्या भरण्याची गरज नाही. आपल्या कामाचा शेवट कोणाच्या आयुष्यात काय होतो हे करणाऱ्याला दिसते का? चुकीच्या हुकमाला नाही म्हणण्याची जागा त्यात आहे का? आणि उद्या हे काम असेल याची शाश्वती आहे का? तलाठ्याचेच उदाहरण घ्या. सातबाऱ्यावर विधवेचे नाव वेळेवर लागले की दिरांनी परस्पर केलेली वाटणी अडते; वेळेवर लागले नाही की ती बाई आयुष्यभर कचेरीच्या पायऱ्या झिजवते. फेरफाराच्या एका नोंदीत एवढे सामर्थ्य असते. हे ज्याला कळले त्याला ते काम कंटाळवाणे वाटण्याचे कारण नाही. परंतु परीक्षेच्या तयारीच्या कोणत्या वर्गात हे शिकवले जाते?

शाश्वतीच्या प्रश्नावर सरकारची नियत सप्टेंबर २०२३ मध्ये उघड झाली. नऊ खाजगी संस्थांमार्फत शासकीय कार्यालयांत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय निघाला, तरुणांचा प्रक्षोभ झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. निर्णय मागे गेला, प्रवृत्ती गेलेली नाही. महाविद्यालयांतून तासिका तत्त्वावर शिकवणारे प्राध्यापक आहेत. २००० साली सुरू झालेल्या शिक्षणसेवक योजनेतील तरुण पहिली तीन वर्षे मानधनावर काढतात. त्या मानधनात २०२३ साली झालेली वाढ स्वागतार्ह होती, पण मानधन या शब्दातच मेख आहे: काम पुरे, मान अर्धा आणि धन त्याहून कमी.

आता अर्जाकडे वळले पाहिजे, कारण या कागदाला चळवळीने नेहमीच क्षुल्लक मानले. १९५९ च्या कायद्याने मालकांना रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळविणे बंधनकारक केले होते, तेथूनच माणसे घेणे मात्र नव्हे. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निवड केवळ त्या कार्यालयाने पाठविलेल्या नावांपुरती मर्यादित न ठेवता जाहिरातही द्यावी. समान संधीच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण त्याबरोबर शोधण्याचा, भरण्याचा आणि खर्चाचा सारा भार उमेदवारावर आला, आणि ज्याच्या घरात कागद वाचणारा कोणी नाही तो तेथेच मागे पडला. दाखल्यावरचे नाव एक, आधारवरचे दुसरे. जातीचा दाखला आहे, वैधता प्रमाणपत्र नाही. उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र आहे, पण जाहिरातीत सांगितलेल्या तारखेला त्याची मुदत संपलेली. अशा कारणांनी बाद होणारा उमेदवार गुणवत्तेत कमी नसतो. तो फक्त पहिल्या पिढीतला असतो.

सरकारी अर्जात निदान रकाने ठरलेले असतात. सहकारी संस्था, पतपेढ्या, दूध संघ, सामाजिक संस्था, लहान कारखाने येथे पत्र लिहावे लागते, आणि तेथे आपले पदवीधर छापील नमुना उतरवून काढतात: मी कष्टाळू, प्रामाणिक व होतकरू आहे. वाचणाऱ्याच्या पुढ्यात असे शंभर कष्टाळू पडलेले असतात. त्याच मुलीने बचत गटाचे हिशेब तीन वर्षे लिहिले असतील, दूध संस्थेत फॅटची नोंदवही सांभाळली असेल, आजोळच्या जमिनीच्या वादात तहसील कचेरीतले कागद स्वतः मिळवले असतील. हे लिहिण्यासारखे आहे हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. केलेल्या कामाचा एक ठोस दाखला चार विशेषणांपेक्षा अधिक बोलतो. अर्ज करण्यापूर्वी त्या संस्थेत काम करणाऱ्या कोणाला तरी भेटावे, तेथे माणसे टिकतात की वर्षात सोडून जातात हे विचारावे. मुलाखतीत उमेदवारानेही विचारावे: नेमणूकपत्र केव्हा मिळेल, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, कामाचे तास किती. प्रश्न विचारल्याने जी नोकरी जाते ती मिळाली असती तरी फार दिवस गोड लागली नसती. अर्थात घरात चूल थंड असताना हे ऐकवणे सोपे नाही, आणि पोटासाठी मिळेल ते काम धरणाऱ्याला कोणी कमी लेखू नये. नोकरीसाठी ‘देणगी’ मागणाऱ्या शिक्षणसंस्थेविषयी मात्र अशी सवलत देता येत नाही. जमीन विकून घेतलेली मास्तरकी पुढची तीस वर्षे त्या जमिनीची भरपाई शोधत राहते.

येथे कार्यकर्त्यांच्या एका सवयीविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. ओळखीच्या मुलासाठी शिफारशीची चिठ्ठी देण्यात आपल्याकडचेही अनेकजण मागे नाहीत. चिठ्ठी एकाला पुढे सरकवते ती दुसऱ्याला मागे ढकलूनच, आणि तो दुसरा बहुधा असा असतो की ज्याच्या घरी कोणताच कार्यकर्ता येत नाही. अर्ज भरायला केलेली मदत वेगळ्या जातीची आहे. ती दहा जणांना दिल्याने अकराव्याचे काही जात नाही. आरोग्य खात्याच्या २०२१ च्या भरतीत प्रश्नपत्रिका फुटल्या तेव्हा पक्षांनी निषेध केला तो योग्यच होता. पण फुटलेली प्रश्नपत्रिका आणि मुरलेली चिठ्ठी या एकाच घरातल्या दोन बहिणी आहेत.

तालुक्याच्या शाखेला यासाठी फार काही लागत नाही. बाजाराच्या दिवशी दोन तास कार्यालय उघडे हवे, एक संगणक, एक छपाईयंत्र, इंग्रजी जाहिरात मराठीत समजावून सांगणारा एक निवृत्त शिक्षक आणि एक नोंदवही. वहीत प्रत्येक अर्जापुढे जाहिरातीची तारीख, भरलेले शुल्क, परीक्षा कधी झाली, निकाल कधी लागला, नेमणूक झाली की भरती रद्द झाली, एवढे लिहावे. भरतीचे वार्षिक वेळापत्रक, रद्द झालेल्या परीक्षेच्या शुल्काचा परतावा आणि एकदाच भरायचे एकच शुल्क, या मागण्या घेऊन जेव्हा कलेक्टर कचेरीवर मोर्चा जाईल तेव्हा शिष्टमंडळाने ती वही बरोबर न्यावी आणि माहितीच्या अधिकाराखाली मिळवलेले रिक्त पदांचे आकडे तिच्या शेजारी ठेवावेत.