गादीवर आडवा झालेला माणूस

ती चित्रफीत या आठवड्यात पुन्हा माझ्या फोनवर आली. या वेळी तिला ढोलताशा जोडलेला होता आणि वर मथळा होता, 'मर्दाचा बाणा'. खाली अंगठे आणि टाळ्या. कुस्तीबद्दल मी इथे किती जिव्हाळ्याने लिहीत आलोय, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. म्हणूनच तो मथळा वाचून माझं डोकं फिरलं.

त्या चित्रफितीत काय आहे, ते विसरले असाल तर सांगतो. 2 फेब्रुवारी 2025, अहिल्यानगर, महाराष्ट्र केसरी. गादी विभागात पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केलं, असा निर्णय पंचांनी दिला. पाठ टेकलीच नव्हती, असं राक्षेचं म्हणणं. वाद पेटला, त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ घातली. पुढे किताबाच्या लढतीत मोहोळसमोरचा महेंद्र गायकवाडही पंचांशी हुज्जत घालून निघून गेला. गदा मोहोळला मिळाली, राक्षे आणि गायकवाडवर 3 वर्षांची बंदी आली.

राक्षेची तडफड मला कळते. दोनदा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल, तिसरी गदा डोळ्यांसमोर. पहाटेच्या जोर-बैठका, खुराकाचा खर्च, त्यासाठी घरच्यांनी मारलेलं मन, या सगळ्याचा फैसला एका शिट्टीवर होतो. त्याने दाद मागावी, ओरडून मागावी. पण लाथ?

पंच काय करत असतो ते कधी जवळून बघा. डाव लागला की तो गादीवर आडवा होतो, गाल जवळजवळ खाली टेकवतो आणि खांद्याखालची फट शोधतो. दोन धिप्पाड देह त्याच्याच अंगावर घरंगळत येत असतात. त्याला एकदाच बघायला मिळतं. आपण तेच दहा वेळा, हळू करून, चहा पिता पिता बघतो आणि त्याला आंधळा ठरवतो. पंचांमध्ये स्वतः कुस्ती केलेले, कान मोडलेले कितीतरी जण असतात. त्यांची बायकापोरंही ती चित्रफीत बघत असतील, हे अंगठा दाबणाऱ्याच्या मनातही येत नाही.

पंचाला आंधळा ठरवण्याचं हे खूळ फोनमुळे आत्ताच आलंय, असं मात्र म्हणवत नाही. नोव्हेंबर 1969, मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम, क्रिकेटचा सामना, समोर बिल लॉरीचा ऑस्ट्रेलिया संघ. आपला दुसरा डाव कोसळलेला. अजित वाडेकर एक बाजू धरून, आणि वेंकटराघवनला यष्टीमागे झेलबाद दिलं. पंच होते शंभू पान. चेंडू बॅटला लागलाच नाही, असं रेडिओवरच्या समालोचकाने बोलून टाकलं, आणि स्टेडियममध्ये तर कानाकानाला ट्रान्झिस्टर! निर्णय जिथून धड दिसत नव्हता, तिथल्या प्रेक्षकांनाही क्षणात खात्री पटली की आपल्याला लुटलं. बाटल्या मैदानात आल्या, खुर्च्या पेटल्या. लॉरी जागचा हलायला तयार नव्हता. धुरातच खेळ चालू राहिला. सामना आपण हरलो, ते त्या एका निर्णयामुळे नव्हे. फलंदाजी ढेपाळली होती. पण फलंदाजांना कोण जाब विचारणार? पंच एकटा असतो, त्याच्यामागे ना गाव असतं ना तालीम.

मुंबईचा प्रेक्षक जाणकार, असं आपण अभिमानाने सांगतो. मीही सांगतो. त्याच जाणकारांनी त्या दिवशी आग लावली, हे सांगायला मात्र जीभ अडखळते.

पंच चुकतात. कधी कधी फार चुकतात, आणि त्याची किंमत पोराला मोजावी लागते. म्हणून पहिली गोष्ट संयोजकांनीच करावी. वादाचा डाव मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दाखवा आणि निर्णय का दिला ते तिथल्या तिथे ध्वनिक्षेपकावरून सांगा. पुढाऱ्यांच्या सत्काराला तासन् तास मिळतात, तर याला दोन मिनिटं काढता येतील. पंचाला मैदानापासून गाडीपर्यंत पोलिस बंदोबस्त द्या. शिट्ट्या मारून चिथावणाऱ्यांना गॅलरीतून उठवून बाहेर काढा. आणि ज्याचा मल्ल पंचावर हात टाकेल, त्या वस्तादालाही तेवढीच वर्षं गादीजवळ उभं राहू देऊ नका.