गोल्फ जीटीआयला 17 इंची अलॉय बसतील का? टायरचा आकडा बघून ठरवू नका

मे 2025 मध्ये फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय भारतात आली, किंमत 53 लाखांच्या घरात. ऑक्टोबरमध्ये स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस आणली, त्याही फक्त 100. दोन्ही थेट आयात केलेल्या, आणि चाकंही तिकडच्या रस्त्यांना शोभणारी: जीटीआयला 18 इंची, आरएसला 19.

जीटीआयच्या टायरवर 225/40 आर18 लिहिलेलं असतं. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबराची भिंत फक्त 90 मिलिमीटर. पावसाळ्यात खड्डा चुकला नाही तर काय होतं, हे मुंबई-गोवा महामार्गावरून जाणाऱ्यांना सांगायला नको.

मग साहजिकच विचार येतो की 17 इंची रिम घ्यावी. 225/45 आर17 टायर लावला तर भिंत 101 मिलिमीटर होते. चाकाची एकूण उंची 637 वरून 634 मिलिमीटरवर येते, म्हणजे स्पीडोमीटरही जवळपास तसाच राहतो. कागदावर सगळं जुळतं. फक्त या हिशोबात ब्रेक कुठेच नाही.

अडचण कुठे येते?

जीटीआयच्या पुढच्या ब्रेक डिस्कचा व्यास 340 मिलिमीटर आहे. 17 इंच म्हणजे 432 मिलिमीटर. वजाबाकी करून दोनाने भागलं तर डिस्कच्या कडेपासून 46 मिलिमीटर उरतात. पण 17 इंच हे माप टायर जिथे बसतो तिथलं आहे. रिमचा आतला भाग त्याहून खोलगट असतो, त्याला धातूची जाडी असते आणि डिस्कवरून पुलासारखा जाणारा कॅलिपरही याच जागेत मावायचा असतो. फॉर्म्युला वनमध्येही हेच होतं. 2022 मध्ये चाकं 13 वरून 18 इंचांवर गेली, तेव्हाच पुढच्या डिस्क सुमारे 50 मिलिमीटरने मोठ्या करता आल्या.

ही झाली वरची जागा. जास्त लोक फसतात ते बाजूच्या जागेत, म्हणजे कॅलिपरचा बाहेरचा चेहरा आणि स्पोकची मागची बाजू यांच्यातल्या फटीत. दुकानदार रुंदी सांगेल, ऑफसेट (ईटी) सांगेल, पीसीडी 5x112 जुळतो म्हणेल. हे सगळं सारखं असलेल्या दोन 17 इंची रिमपैकी एक आरामात बसते आणि दुसरी कॅलिपरला घासते. कारण एकीचे स्पोक बाहेर फुगलेले असतात, दुसरीचे सपाट. हा आकार कुठल्याच आकड्यात येत नाही. म्हणून 'माझ्या मित्राच्या गाडीला 17 बसले' या वाक्याला, कोणती रिम ते कळेपर्यंत, काही अर्थ नाही.

मग तपासायचं कसं?

ब्रेक बनवणाऱ्या काही कंपन्या, उदाहरणार्थ ब्रेम्बो, त्यांच्या किटसाठी कॅलिपरचा पूर्ण मापाचा नकाशा देतात. तो 100 टक्के आकारात छापायचा, पुठ्ठ्यावर चिकटवून कापायचा आणि रिमच्या आत फिरवून बघायचा. मूळ ब्रेकसाठी असा नकाशा नसेल, तर टायर चढवण्याआधी नुसती रिम गाडीला लावून बघा. टायर चढला की दुकानदार रिम परत घेईलच असं नाही. फट साधारण 3 मिलिमीटर तरी हवी. बॅलन्सिंगची चिकटवायची वजनंही याच जागेत येतात, हे तेव्हा हमखास विसरलं जातं.

एक बारीक गोष्ट. जीटीआयचा पुढचा कॅलिपर सरकता, एका पिस्टनचा आहे. पॅड झिजतात तसा तो आत सरकतो, स्पोकपासून दूर. म्हणजे जुन्या पॅडवर बसलेली रिम नवे पॅड टाकल्यावर घासू शकते. मोजायचं ते नव्या पॅडवर.

स्पेसर लावला तर?

बाजूची फट वाढते, वरची नाही. शिवाय या गाडीला नट नसतात, बोल्ट असतात. स्पेसर जितका जाड तितके बोल्ट लांब हवेत, नाहीतर आटे कमी पकडतात. आणि मूळ बोल्टचं बूड गोलसर असतं, बाजारातल्या बहुतेक अलॉयना मात्र शंकूच्या आकाराचं लागतं. चुकीचे बोल्ट घट्ट बसल्यासारखे वाटतात, पण नीट टेकलेले नसतात. धावत्या गाडीत चाक सुटण्याचा धोका इथे आहे, त्यामुळे स्वस्तातला जुगाड नकोच. मधलं भोकही 57.1 मिलिमीटरचं लागतं. ते मोठं असेल तर मापाची रिंग घाला.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि कंपनीने दिलेल्या मूळ मापांत बदल करण्यावर मर्यादा आल्या. त्यामुळे विमा कंपनीला रिम घेण्याआधीच लेखी विचारा.

रिम बसली की गाडी जॅकवर असतानाच चाक हाताने फिरवा, स्टीअरिंग दोन्ही टोकांना नेऊन पुन्हा फिरवा. पहिल्या 50-100 किलोमीटरनंतर बोल्ट टॉर्क रेंचने तपासा, आणि स्पोकच्या मागच्या बाजूला चमकणारा ओरखडा दिसतोय का, तेही बघा.