कुजबुजणारा निवेदक

गाणे रचणारा, गाणारा आणि ऐकणारा, हे तिघे आपल्या सहज ध्यानात येतात. त्यांच्या मध्ये उभा असलेला चौथा माणूस मात्र बहुधा विस्मरणात जातो. तो म्हणजे नभोवाणीवरील निवेदक. त्याला सूर लावायचा नसतो की वाद्य छेडायचे नसते. हाती आलेली ध्वनिमुद्रिका लावायची आणि तिच्याविषयी दोन शब्द बोलायचे, एवढेच त्याचे काम. परंतु कोणती ध्वनिमुद्रिका लावायची आणि कोणती बाजूस ठेवायची, हा निर्णय त्याचा असतो आणि त्या निर्णयामागे त्याची आवड उभी असते. ही आवड श्रोत्यासाठी दार उघडते की लावून घेते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. रॉक आणि कंट्री या दोन संगीतप्रकारांवर आयुष्यभर प्रेम करणारे ब्रिटिश निवेदक बॉब हॅरिस यांची वाटचाल या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

हॅरिस यांचा जन्म १९४६ साली इंग्लंडमधील नॉर्दम्प्टन येथे झाला. वडील पोलीस खात्यात होते आणि मुलानेही प्रथम तीच वाट धरली होती. परंतु मन रमले ते ध्वनिमुद्रिकांत. १९६८ मध्ये लंडनमध्ये 'टाइम आउट' या नियतकालिकाच्या स्थापनेत त्यांचा सहभाग होता. ऑगस्ट १९७० मध्ये रजेवर गेलेल्या जॉन पील यांच्या जागी बदली निवेदक म्हणून ते बीबीसीच्या रेडिओ वनवर आले आणि तेथेच स्थिरावले. १९७२ पासून 'द ओल्ड ग्रे व्हिसल टेस्ट' या दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे ते निवेदक झाले. लहानसा स्टुडिओ, समोर प्रेक्षक नाहीत, झगमगाट नाही. कलावंत गात आणि दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत हॅरिस अतिशय हळू आवाजात बोलत. त्या आवाजामुळे त्यांना 'व्हिस्परिंग बॉब', म्हणजे कुजबुजणारा बॉब, हे नाव पडले ते कायमचे. ज्या काळात निवेदकाने आरडाओरड करून श्रोत्याला खिळवून ठेवावे असा रिवाज होता, त्या काळात या माणसाने स्वतःचा आवाज गाण्यापेक्षा लहान ठेवला.

या कार्यक्रमाच्या शीर्षकसंगीतात एक मर्म दडलेले होते. कार्यक्रम रॉक संगीताचा, परंतु आरंभी वाजे ती हार्मोनिकाची धून एरिया कोड ६१५ या वादकसमूहाची होती. हे सारे वादक अमेरिकेतील नॅशव्हिलचे, म्हणजे कंट्री संगीताच्या राजधानीचे. दोन संगीतप्रकार परस्परांपासून किती जवळ आहेत, हे ती धून दर आठवड्याला न बोलता सांगत असे.

हे नाते मुळातच जुने आहे. स्कॉटलंड व आयर्लंडहून अमेरिकेच्या डोंगराळ भागात आलेल्या लोकांनी आपले फिडल आणि कथागीते सोबत आणली. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या स्मृतीतून बँजो आला. १९२७ च्या उन्हाळ्यात टेनेसीमधील ब्रिस्टल या गावी राल्फ पीअर यांनी कार्टर कुटुंबाची आणि जिमी रॉजर्सची गाणी प्रथम ध्वनिमुद्रित केली, तेव्हा घर, आई, आगगाडी, विरह आणि मृत्यू हे विषय घेऊन कंट्री संगीत दूरवर पोहोचू लागले. तत्पूर्वीच, १९२५ मध्ये, नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावर पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' या नावाने अजरामर झालेला कार्यक्रम सुरू झाला होता. खेड्यापाड्यांतील माणसांचे हे संगीत घरोघर नेले ते नभोवाणीनेच.

रॉकचा उगमही या प्रवाहापासून दूर नाही. जुलै १९५४ मध्ये मेम्फिसच्या सन कंपनीने एल्व्हिस प्रेस्ली या तरुणाची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. तिच्या एका बाजूस कृष्णवर्णीय गायक आर्थर क्रुडप यांचे ब्लूज गीत होते, तर दुसऱ्या बाजूस ब्लूग्रासचे जनक बिल मन्रो यांचे. एकाच तबकडीच्या दोन बाजूंवर दोन परंपरा नांदत होत्या. मेम्फिसचे निवेदक ड्यूई फिलिप्स यांनी ते ब्लूज गीत एकाच रात्री पुनःपुन्हा लावले. श्रोत्यांचे दूरध्वनी सुरू झाले. लाजून चित्रपटगृहात जाऊन बसलेल्या एल्व्हिसला त्याच्या आईवडिलांनी शोधून केंद्रावर पाठवले. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्यांच्या व कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या असत. फिलिप्स यांनी त्याला शाळेचे नाव विचारले, ते गायक गोरा आहे हे श्रोत्यांना कळावे म्हणून. समाजाने घातलेल्या भिंती अशा उंच होत्या आणि गाणे मात्र त्या ओलांडून आधीच घराघरांत शिरले होते.

निवेदकाची आवड दार उघडते ती अशी. ती दार लावते कशी, याचेही उदाहरण याच इतिहासात आहे. १९६८ मध्ये 'द बर्ड्‌स' हा कॅलिफोर्नियाचा रॉक समूह कंट्री संगीताच्या ओढीने नॅशव्हिलला आला. ग्रँड ओल ऑप्रीच्या मंचावर या तरुणांची श्रोत्यांकडून हेटाळणी झाली. डब्ल्यूएसएमचे नामवंत निवेदक राल्फ एमरी यांनीही आपल्या कार्यक्रमात त्यांचे थंडेपणाने स्वागत केले आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिकेला कमी लेखले. एमरी यांचे कंट्रीवरील प्रेम खोटे नव्हते, उलट ते फार गाढ होते. परंतु त्या प्रेमाला कुंपण होते. त्याच वर्षी आलेला बर्ड्‌सचा 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' हा संग्रह फारसा खपला नाही. पुढे मात्र रॉक आणि कंट्री यांच्या मीलनाचा पाया म्हणून त्याला मान मिळाला.

हॅरिस या मोहापासून मुक्त होते असे म्हणता येणार नाही. १९७३ मध्ये न्यूयॉर्क डॉल्स हा भडक वेषातील समूह त्यांच्या कार्यक्रमात आला. वादन संपल्यावर हॅरिस हसून 'मॉक रॉक' एवढे दोनच शब्द बोलले. ही रॉकची नक्कल आहे, असा त्याचा भावार्थ. पुढे हाच समूह पंक संगीताच्या पूर्वसुरींपैकी एक मानला गेला आणि ते दोन शब्द हॅरिस यांचा पिच्छा पुरवीत राहिले. पंकची लाट आली तेव्हा नव्या पिढीला हळू बोलणारा हा माणूस जुन्या जगाचा प्रतिनिधी वाटू लागला. १९७७ मध्ये लंडनच्या एका क्लबात सेक्स पिस्टल्स या समूहाच्या गोटातील काही जणांनी त्यांच्यावर हल्ला केला. त्यांच्यासोबत असलेला ध्वनितंत्रज्ञ मित्र जखमी झाला. संगीताच्या आवडीनिवडीतून रक्त सांडावे, याहून विषण्ण करणारे काय असेल? आवडीतील भेद म्हणजे शत्रुत्व, असे एकदा मनाने धरले की गाणे बाजूस पडते आणि माणसे परस्परांवर धावून जातात.

उपेक्षेचा काळ पुढेही आला. १९९३ मध्ये रेडिओ वनने तरुण श्रोतृवर्गाकडे वळण्याचे ठरवले आणि अनेक जुन्या निवेदकांबरोबर हॅरिस यांनाही तेथून निरोप मिळाला. अशा वेळी माणसापुढे दोन वाटा असतात. एक, काळाला दोष देत बसण्याची. दुसरी, आपल्याला जे मनापासून आवडते त्याचीच सेवा नव्या ठिकाणी करण्याची. हॅरिस यांनी दुसरी वाट धरली. १९९७ मध्ये ते रेडिओ टूवर आले आणि १९९९ पासून तेथे त्यांचा कंट्री संगीताचा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. इंग्लंडमध्ये त्या वेळी कंट्री म्हणजे रुंद टोपी आणि रडकी गाणी, अशी थट्टेची समजूत होती. हॅरिस यांनी ती वाद घालून खोडली नाही. ते दर आठवड्याला गाणी लावत राहिले, जुन्यांच्या शेजारी नव्यांना बसवत राहिले.

या चिकाटीचे फळ हळूहळू दिसू लागले. शायर्स या इंग्लिश जोडीचा 'ब्रेव्ह' हा संग्रह २०१५ मध्ये ब्रिटनच्या विक्रीतालिकेत पहिल्या दहांत आला. २०१६ मध्ये वॉर्ड थॉमस या जुळ्या बहिणींचा 'कार्टव्हील्स' तर थेट प्रथम क्रमांकावर पोहोचला. याचे श्रेय अर्थातच त्या कलावंतांचे आहे. परंतु अशा नवोदितांना आपल्या कार्यक्रमात आधीपासून जागा देणारा एक वडीलधारा माणूस होता, हेही खरे. हॅरिस आपल्या मुलाच्या साथीने स्वतःच्या घरीही नव्या गायकांची गाणी चित्रित करतात. त्या मालिकेचे नाव 'अंडर द ॲपल ट्री', सफरचंदाच्या झाडाखाली. कधीकाळी दोन शब्दांत तरुणांची थट्टा करणारा निवेदक आज तरुणांसाठी आपल्या घराचे दार उघडे ठेवतो, ही या वाटचालीतील सर्वांत सुंदर गोष्ट म्हटली पाहिजे.

वाचकहो, हा प्रश्न परदेशातील निवेदकांपुरता नाही. प्रत्येक घरात वडीलधारी माणसे लहानांसाठी एका अर्थी निवेदकच असतात. आपल्याला जे उत्तम वाटते ते त्यांनी ऐकावे, ही इच्छा स्वाभाविक आहे आणि योग्यही आहे. मात्र शेजारच्या खोलीतून मुलाचे एखादे अनोळखी गाणे कानावर आले म्हणजे आपल्या ओठांवर प्रथम कोणते दोन शब्द येतात, याकडे लक्ष द्यावे. ते शब्द आपण विसरतो, मूल विसरत नाही. 'हा काय गोंगाट' असे म्हणण्याऐवजी 'यात तुला काय आवडते, ते मला ऐकव' असे म्हणता आले, तर गाणे आपल्याला आवडेल की नाही हे सांगता येणार नाही. पण मूल दार लावून न घेता आपल्या शेजारी येऊन बसेल. त्यानंतर आपल्या आवडीचे एखादे गाणे त्याला ऐकवायलाही जागा उरेल.