‘नो रिफंड’ म्हणजे वादळात जायचं तिकीट

शुक्रवारी रात्री साडेअकराला गोरेगाव पूर्वेला वीरवानीच्या स्टॉपवर येऊन उभे राहा. पाठीला सॅक लावलेली पंचविशीतली पोरंपोरी हायवेच्या कडेला घोळक्याने उभी असतात. मिनीबस येते, पोरं भरते, निघते. कुणी ट्रेकला, कुणी टेंटला. आणि आता नवं काय, तर हॅमॉक कॅम्पिंग. धरणाच्या काठी दोन झाडांमध्ये कापडी झोळी बांधायची, वर ताडपत्री ताणायची आणि ताऱ्यांखाली झोपायचं. १४९९ रुपये. नाश्ता, बार्बेक्यू, शेकोटी सगळं आलं त्यात.

आधीच सांगतो, मी या पोरांच्या विरोधात नाही. आठवडाभर विरार लोकलच्या दारात लटकणाऱ्या माणसाला एक रात्र मोकळ्या हवेत झोपावंसं वाटलं तर त्यात गुन्हा काय? ‘कशाला जायचं तिथे मरायला’ म्हणणारे काका लोक कमेंटमध्ये येतीलच. त्यांनी जरा थांबावं. भांडण वेगळ्या माणसांशी आहे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. माझा भाचा, वय तेवीस, असाच एका ग्रुपबरोबर निघाला. शुक्रवारी दुपारी हवामान खात्याचा नारिंगी इशारा आला. विजांसह वादळी वारे, वगैरे. भाच्याने आयोजकाला फोन केला. उत्तर काय मिळालं? ‘अरे, पावसात तर खरी मजा! आणि कॅन्सल केलंस तर रिफंड नाही हं.’ नवी नोकरी, हातात पैसे मोजके. गेला.

शनिवारी दुपारी गावातल्या एका माणसाने येऊन सांगितलं होतं, ‘वळीव येणार, झाडाखालनं उठा, शाळेत येऊन बसा.’ कुणी ऐकलं नाही. संध्याकाळी वारा सुटला. ताडपत्री आधी शिडासारखी फुगली, मग फाटली. सुबाभळीची फांदी मोडून एका मुलाच्या खांद्यावर आली. गळ्याजवळचं हाड मोडलं. त्याला न्यायला गाडी नाही, कारण मिनीबस दुसरी बॅच आणायला गेलेली. शेवटी दुपारी ज्याचं ऐकलं नव्हतं, त्याच माणसाच्या पिकअपमधून पोराला दवाखान्यात नेलं. फांदी दोन फूट अलीकडे पडली असती तर मी आज ही पोस्ट लिहीत नसतो, बातमी लिहीत असतो.

आता कुणी म्हणेल, निसर्गापुढे कोणाचं चालतं? हे वाक्य मला अजिबात चालत नाही. कारण इथे निसर्गाने काहीही लपवलेलं नव्हतं.

मे महिन्यातलं वादळ कसं येतं ते कोकणातल्या कुठल्याही म्हातारीला विचारा. दिवसभर घामाच्या धारा. दुपारनंतर काळा ढग उभा राहतो. मग एकदम गार वारा. शहरातल्या माणसाला वाटतं, वा, काय थंड झुळूक! ती झुळूक नसते बाबांनो. त्या ढगातून खाली कोसळलेली गार हवा जमिनीवर आपटून चहूकडे पसरलेली असते. ती पावसाच्या आधी येते. म्हणजे गार वारा लागला तेव्हा उठायची वेळ झालेली असते, मोबाईल काढायची नाही. आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरला फडफडणारी ताडपत्री ६० ला खुंट्या उपटून जाते.

वीज? दोन झाडांच्या मधोमध टांगलेला माणूस म्हणजे विजेच्या वेळी असू नये नेमकं तिथेच असलेला माणूस. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला की पक्क्या इमारतीत नाहीतर बंद गाडीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. साधा नियम आहे. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप फुकट मिळतं, तेही विजेचा इशारा देतं.

आणि झोळी. झोळी आपल्याला नवी नाही हो. गोरेगावात जिथे टॉवर उभा राहतोय तिथे जाऊन बघा, बिगारी बाईने लुगड्याची झोळी करून तान्हं पोर निजवलेलं दिसेल. ती बाई आधी हाताने ओढून बघते, खांब हलतो का. शेवग्याला झोका बांधायचा नाही, लाकूड ठिसूळ, हे कोकणात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण १४९९ रुपये घेणाऱ्या आयोजकाला झाड वाळकं आहे की ओलं, वर मोडकी फांदी अडकलीय का, हे बघायची गरज वाटत नाही. फोटो चांगला यावा म्हणून झोळी ताणून सपाट बांधायची. त्याचं गणित ऐका. ७० किलोचा माणूस. दोरी आडव्या रेषेपासून ३० अंश खाली असेल तर दोन्ही बाजूंना साधारण ७०-७० किलोचा ताण येतो. १५ अंशांवर तो १३५ किलोच्या आसपास जातो. ५ अंशांवर ४०० किलो! वरून वारा झाड हलवतोय तो वेगळाच.

मी मूळचा रायगडचा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी बातमीदारी करत होतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झालेल्या पाहिल्यात. वाऱ्याची गंमत वाटायची सवय तेव्हाच गेली. आणि मुंबईकरांना तर १३ मे २०२४ विसरता येऊ नये. घाटकोपरला वळवाच्या वाऱ्यात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, १७ माणसं गेली. परवानगीची मर्यादा ४० बाय ४० फूट, होर्डिंग १२० बाय १२० फूट. तेव्हाही काही लोक म्हणालेच, वाराच तसा होता. वारा दरवर्षीच तसा असतो. त्याच्या वाटेत काय उभं करायचं ते माणूस ठरवतो, आणि त्यातून पैसे कोणाला मिळतात हे विचारलं की सगळे आभाळाकडे बोट दाखवतात.

सरकार काय करतं? बंदी. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, लगेच मनाई आदेश निघाले. बंदीला खर्च नाही आणि जबाबदारीही नाही. पोरं दुसऱ्या धरणावर जातात, आणि गावातल्या ज्या बाईचं भाकरी-पिठल्यावर घर चालतं तिचा धंदा बुडतो. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ साली आलं. आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची, हे त्यात आहे. तुम्ही पैसे भरताना कधी नोंदणी क्रमांक विचारलाय? मीही भाच्याला विचारायला सांगितलं नव्हतं. ही माझी चूक, कबूल.

माझं म्हणणं एवढंच आहे की पोराला वादळात ढकलणारी गोष्ट धाडस नाही, ‘नो रिफंड’ ही ओळ आहे. इशारा येतो, पोराला कळतो, भीतीही वाटते. पण पैसे बुडतील म्हणून तो बसमध्ये चढतो. आयोजकही रद्द करत नाही, कारण त्याचेही बुडतील. दोघांनाही धोका दिसतोय आणि दोघेही जातायत.

म्हणून तीन मागण्या.

एक : ठिकाणच्या जिल्ह्याला नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर उघड्यावरचा मुक्काम रद्द आणि पूर्ण पैसे परत, नाहीतर ग्राहक म्हणेल ती दुसरी तारीख. ही अट नोंदणीतच घाला.

दोन : पक्क्या छपराची जागा चालत पाच मिनिटांवर आणि एक गाडी रात्रभर तिथेच. नसेल तर परवानगी नाही.

तीन : गावातला एक माणूस पगारावर. तो ‘उठा’ म्हणाला की उठायचं. मुंबईहून आलेल्या लीडरचा शब्द त्याच्यापुढे चालणार नाही.

वेरावलीच्या डोंगरावर, आपल्या गोरेगावपासून हाकेच्या अंतरावर, हवामान खात्याचं डॉप्लर रडार २०२२ पासून आहे. कोट्यवधी रुपये खर्चून आपण ढग बघायची सोय केली. तो ढग बघून १४९९ रुपये परत करायची सोय मात्र आपल्याला करता येत नाही.

या शुक्रवारी तुमच्या घरातलं कोणी निघालं असेल तर अडवू नका. फक्त आयोजकाला एक फोन करायला लावा : इशारा आला तर पैसे परत देणार का? उत्तर ‘नाही’ आलं तर बस सोडून द्या. १४९९ गेले तर गेले.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहे इथेच.