ओढून नेलेला ट्रॅक्टर आणि दुसरे कर्ज



हंगाम संपला की ऊस वाहतूकदार गट कार्यालयात येतात ते बिलासाठी. यंदा दोघे-तिघे मात्र दुसरेच गाऱ्हाणे घेऊन आले. "साहेब, मागे फायनान्सवाल्यांनी ट्रॅक्टर ओढून नेला. आता नवा घ्यायचाय, तर बँक दारात उभं करत नाही. मंडळीच्या नावावर काढू का?"

माझे उत्तर होते, नको. का, ते सांगतो.

मी मूळचा जिवतीचा, माणिकगडच्या पहाडावरचा. तिकडे ऊस नाही. कापूस, तूर, ज्वारी. वनजमिनीच्या वादापायी पुष्कळांना जमिनीचे पट्टे नाहीत, मग बँक कर्ज कशावर देणार? खाजगी फायनान्स मात्र ट्रॅक्टरच तारण धरून ट्रॅक्टर देते. माझ्या मावसभावाने तसाच घेतला. दोन सालं कापूस हातचा गेला, हप्ते थकले आणि गडचांदूरच्या रस्त्यावर ट्रॅक्टर अडवून नेला. दादा घरी येऊन म्हणाला, "गेला ते बरं झालं, कर्ज तर फिटलं." चार वर्षांनी जुनी जीप घ्यायला गेला तेव्हा कळले, कर्ज फिटलेच नव्हते.

गोष्ट साधी आहे. समजा येणे ५ लाख आणि लिलावात आले साडेतीन, तर दीड लाख आणि वर जप्ती-लिलावाचा खर्च तुमच्याच नावावर राहतो. २००५ च्या कायद्याखाली सिबिल व तिच्यासारख्या आणखी तीन कंपन्या ही नोंद ठेवतात, ती किमान सात वर्षे. पीककर्जाला सिबिल पाहू नका, असे २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी बँकांना बजावले खरे. पण ते पीककर्जापुरते, ट्रॅक्टरला ते लागू नाही.

मंडळीच्या नावाने कर्ज काढले की थकल्यावर तिचीही नोंद बिघडते आणि तिच्या बचत गटाचे कर्जही अडते. एका घरात दोघेही अडकून पडायचे, याला शहाणपण कसे म्हणावे?

त्यापेक्षा जुन्या कंपनीकडे जाऊन खातेउतारा मागा. ट्रॅक्टर केवढ्याला विकला, खर्च किती लावला, ते लेखी घ्या. बाकी थोडी थोडी का होईना, पूर्ण फेडा. 'सेटलमेंट' करून निम्म्यात सुटलो म्हणणारे भेटतात, पण त्यांच्या खात्यावर 'सेटल्ड' असा शेरा राहतो आणि पुढची बँक तोच आधी वाचते. फेडल्यावर ना-देय दाखला घ्यावा. विकलेला ट्रॅक्टर आरटीओच्या दप्तरी अजून आपल्याच नावावर नाही ना, हेही पाहावे. पुढचे कर्ज जुन्या ट्रॅक्टरचे, स्वतःची रक्कम जास्त घालून काढले तर जमण्याचा संभव अधिक.

फायनान्सवाल्यांनाही मर्यादा आहेत. गुंड लावून वाहन ओढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बजावले. २०२२ मध्ये झारखंडात हजारीबागला वसुलीच्या वेळी ट्रॅक्टरखाली एका गरोदर शेतकरी-कन्येचा जीव गेला. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने त्या कंपनीचे बाहेरचे वसुली एजंट काही महिने बंद केले होते.

आता थोडे आपल्या घरचे. आपल्याकडे ट्रॅक्टर जातो तो बहुतेक वेळा मुकादमापायी. लाखांची उचल घेतो आणि टोळी आणतच नाही. ट्रॅक्टर दारात उभा, हप्ता चालू. अशा माणसाला बुडव्या म्हणणे मला पटत नाही. मागील हंगामांत त्याने किती टन ओढले, किती बिल मिळाले, याचा दाखला कारखान्याने बँकेच्या नावे द्यावा आणि त्याच्या संमतीने हप्ता बिलातून परस्पर भरावा, असे माझे मत आहे. कारखान्याने जामीन का व्हावे, असे काही सभासद म्हणतील. जामीन नकोच. पण त्याची कमाई कागदावर दाखवायला आपले काय जाते?

आपला अहवाल प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. चूक असल्यास तक्रार करावी. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. मोबाईलवर जमत नसेल त्यांनी आधार, पॅन घेऊन गट कार्यालयात यावे. दुपारनंतर या, सकाळी आम्ही लागणीच्या नोंदीसाठी शिवारात असतो.

– ऊस विकास अधिकारी