उशाशी बसणारे

१८४३ साली शेषाद्री बंधूंच्या धर्मांतराच्या प्रकरणाने मुंबई ढवळून निघाली. धाकट्या श्रीपतला शुद्ध करून हिंदू धर्मात परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर सनातन्यांशी भांडले, एवढे आपल्याला ठाऊक असते. थोरले नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले आणि जालन्याला आले. जालना तेव्हा निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होते. गावाजवळ त्यांनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली. बाप्तिस्मा घेणाऱ्यांत मांग-महार बरेच.

याकोबाच्या पत्रात सांगितले आहे की, कोणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे. त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी. म्हणजे प्रार्थनेआधी कोणीतरी घरी यायचे, हात लावायचा. सावलीचाही विटाळ मानणाऱ्या मुलखात ब्राह्मण घरात जन्मलेल्या पाळकाने मांगवाड्यातल्या आजाऱ्याच्या कपाळाला हात लावणे, यात दुखणे उतरले की नाही हा प्रश्न नंतरचा.

कॅथलिकांत हेच तेल हळूहळू मरणाऱ्यापुरते उरले. फादर दारात आले की घरच्यांच्या पोटात गोळा यायचा. १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी विधी बदलला: गंभीर आजाऱ्यालाही रुग्णाभ्यंग मिळू लागला आणि ऑलिव्हचे तेल नसेल तिथे दुसरे वनस्पती तेल चालेल, अशी मुभा आली. पाचच वर्षांनी, १९७७ मध्ये, औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आमच्याकडे ते तेल करडईचेही चालावे!

मिशनची दुसरी बाजू झाकण्यात अर्थ नाही. अनेक दवाखान्यांत औषधाआधी प्रवचन ऐकावे लागे. पोटात कळ आलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. त्याच्या नाइलाजावर उपदेश करणे मला तेव्हाचेही अयोग्य वाटते, आजचेही. पण मिरजेत १८९४ पासून विल्यम वॉन्लेस यांनी उभारलेले काम नुसत्या उपदेशाचे नव्हते. ते स्वतः शल्यविशारद. पुढे वॉन्लेसवाडीला क्षयरोग्यांचे आरोग्यधाम झाले, तेव्हा स्ट्रेप्टोमायसिनला अजून वीसेक वर्षे होती. क्षयावर नेमके औषध नव्हते. हवा, आहार, विश्रांती आणि महिनोन्महिने कोणाची तरी सोबत, एवढेच हाताशी. कितीतरी रोगी तिथून परत गेले नसतील, आणि तरी त्या सोबतीला निरुपयोगी कोण म्हणेल?

म्हणून मंडपात ध्वनिक्षेपक लावून ‘गोळ्या फेका, विश्वास ठेवा’ असे कोणी सांगू लागला की तो रोग्याच्या उशाशी बसण्याच्या या परंपरेचा वारस ठरत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू, कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचार रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरवले आहे. ते कलम कोणत्याही एका धर्माचे नाव घेत नाही, हे बरे झाले.

औरंगाबादच्या ‘घाटी’ या सरकारी रुग्णालयात मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून माणसे येतात. नातेवाईक औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन धावतात, डॉक्टरांना एका खाटेपाशी थांबायला सवड नसते. अशा वॉर्डात पाळकाला, मौलवीला, भंतेंना, कीर्तनकाराला रुग्णाने स्वतः बोलावले तर येता यावे. न बोलावता कोणी येऊ नये. आलेल्याने पत्रके वाटू नयेत. स्टूल ओढून बसावे, आणि पाणी हवे का एवढे आधी विचारावे.