चाळीस गुणांचा भूगोल

23 मार्च 2020 रोजी दहावीचा भूगोलाचा पेपर व्हायचा होता. कोरोनाच्या संकटामुळे तो आधी पुढे ढकलला गेला आणि नंतर रद्दच झाला. मंडळाने अन्य विषयांच्या सरासरीवरून गुण देऊन टाकले. त्या असामान्य परिस्थितीत दुसरा मार्ग नव्हता, हे मान्यच केले पाहिजे. परंतु गणिताचा पेपर असा बुडाला असता तर घरोघरी जी तळमळ उठली असती, तिचा येथे मागमूसही नव्हता. चाळीस गुणांचा विषय, सुटलो एकदाचे! ही केवळ विद्यार्थ्यांची भावना नव्हे; आपल्या सुशिक्षित मध्यमवर्गाचीही भूगोलाविषयी तीच भावना आहे. तिची किंमत मराठवाडा वर्षानुवर्षे मोजत आला आहे.

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले कुंभार पिंपळगाव घ्या. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात. दक्षिणेला गोदावरी, पलीकडे बीड जिल्हा. गावाच्या नावात माती आहे, त्या मातीवर जगणारा व्यवसाय आहे आणि ज्याच्या सावलीला वस्ती धरावी असा वृक्ष आहे. साधनसंपत्ती, व्यवसाय, वस्ती या मानवी भूगोलाच्या पहिल्या तीन संज्ञा गावाच्या वेशीवरच शिकवता येतात. आपण काय शिकवले? 2018 मध्ये आलेल्या दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. तुलना वाईट नव्हे, पुस्तकही कष्टाने केलेले आहे. पण अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्याचे वर्णन पाठ करणाऱ्या मुलाला आपल्या शिवारात येणारे कालव्याचे पाणी कोणाच्या निर्णयाने सुटते, हे सांगता येऊ नये, याला शिक्षण म्हणायचे काय?

‘मराठवाडा निसर्गत:च दुष्काळी’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकले आहे की, ते आता आपल्यालाच खरे वाटू लागले आहे. वस्तुत: हे अर्धसत्य आहे. पाऊस निसर्ग देतो. पण पाणी ही साधनसंपत्ती होते ती भिंत, कालवा, कायदा आणि बाजारभाव यांच्यामुळे. पैठणच्या जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. जलाशयाची एकूण क्षमता सुमारे 102 टीएमसी, त्यातील उपयुक्त साठा साधारण 76 टीएमसी. डावा कालवा 208 किलोमीटरचा. कागदावर हे भव्यच आहे! परंतु वरच्या अंगाला नगर-नाशिकची धरणे भरली आणि पाऊस रुसला की नाथसागर रिकामा. समन्यायी पाणीवाटपाचे तत्त्व कायद्यात यायला 2005 साल उजाडले. 2013 मध्ये मेंढेगिरी समितीने सूत्र दिले: 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्के साठा नसेल तर वरून पाणी सोडायचे. 2014 मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आदेश झाला, 2016 मध्ये उच्च न्यायालयाने हे तत्त्व उचलून धरले. तरीही 2023 च्या टंचाईत 8.6 टीएमसी पाणी सोडण्याचा ऑक्टोबरअखेरचा आदेश प्रत्यक्षात यायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला.

या काळात वाहिन्यांवर ‘नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा’ असा आखाडा रंगला. पण टीएमसी म्हणजे किती, हे प्रेक्षकांपैकी किती जणांना ठाऊक होते? एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे 2 कोटी 83 लाख घनमीटर. पाटाच्या पाण्यावरील उसाला हंगामात दोन ते अडीच मीटर उंचीचे पाणी लागते असे धरले, तर एक टीएमसीत अकराशे ते चौदाशे हेक्टर ऊस निघतो. हे गणित सातवीचा मुलगा करील. आणि ते केले की, बोट केवळ नगर-नाशिककडे राहत नाही, आपल्याकडेही वळते. घनसावंगीच्या कालवापट्ट्यातही ऊसच उभा आहे! ज्वारी आणि तूर यांच्या या प्रदेशात आपण मागून आणलेले पाणी कशाला देतो, हा प्रश्न मराठवाड्याच्या नेत्यांना अडचणीचा वाटतो, म्हणून तो विचारला जात नाही.

मात्र शहरात बसून शेतकऱ्याला ‘ऊस सोडा’ असे सांगणाऱ्यांनाही अर्थशास्त्राचा पहिला धडा गिरवावा लागेल. उसाचा दर सरकार ठरवते आणि घेणारा कारखाना ठरलेला असतो. तुरीला हमीभाव जाहीर होतो. त्या भावाने घेणारा मात्र अनेकदा सापडत नाही. शेतकरी अडाणी नाही, तो हिशेब करतो. हिशेबातले आकडे शासन लिहिते.

शासनही प्रदेश मोजताना चुकले आहे. 1984 च्या दांडेकर समितीने अनुशेष जिल्हानिहाय मोजला. जालना जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला जायकवाडीचा कालवा, उत्तरेच्या भोकरदन-जाफराबादला त्याचा थेंब नाही. सरासरीत मात्र दोघेही सारखेच. 2013 मध्ये केळकर समितीने तालुका हे एकक धरले. दरम्यान तीस वर्षे गेली. एकक बदलले की वंचित कोण हे बदलते, एवढी साधी गोष्ट कळायला आम्हा कला शाखेच्या पदवीधरांनाही उशीरच झाला. आमच्या वर्गात भूगोल हा नकाशात नद्या भरण्याचा विषय होता.

2005 च्याच दुसऱ्या एका कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना पाणी घनमापन पद्धतीने मोजून घेण्याचा हक्क दिला आहे. तो बजावण्यासाठी कालव्यावर मोजमाप वाचता येणारा माणूस गावात हवा. कुंभार पिंपळगावच्या शाळेने पुढच्या आवर्तनाच्या वेळी वर्ग भरवावा तो चारीवर. दारातून किती घनमीटर पाणी आले, किती शेतात पोहोचले आणि शेवटच्या शेतकऱ्याच्या वाट्याला काय उरले, हे मुलांनी लिहून आणावे आणि तो कागद ग्रामसभेत वाचला जावा. पाटबंधारे खात्याचा अधिकारी त्या सभेला बोलावला पाहिजे. तो आला नाही, तर त्याची नोंदही त्याच वहीत व्हावी.